अस्तराच्या बाजूनं

कापडाला सुई टोचली की धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाली की पुन्हा जवळ येतात. टाका उसवून एक धुणं झालं, की शिलाई कुठून गेली होती ते शोधावं लागतं. कातड्याचं तसं नाही. कातडं विणलेलं नसतं, त्यामुळे सरकायला त्यात काही नसतं. चामड्याची सुई टोकाला पात्यासारखी धारदार असते. ती वाट काढत नाही, चीर पाडते, आणि ती चीर पुढे कधी मिटत नाही. दोरा कुजून गेला, बिल्ला हरवला, घालणारा माणूस गेला, तरी भोकांची रांग जागच्या जागी असते.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांची चामडी जाकिटं मी गेली काही वर्षं बघते आहे, त्यांच्याविषयी वाचते आहे, कुणी हातात दिलं तर उलटंपालटं करून पाहते आहे. त्यांच्यावरच्या चित्रांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दात विचकणारा शार्क, पंखवाला वाघ, विमानाचं नाव आणि त्याच्याखाली पोहण्याच्या पोशाखातली मुलगी. मला मात्र चित्रापेक्षा चित्राच्या कडेची शिलाई जास्त बोलकी वाटते. चित्र कुठल्या तुकडीचं हे जाणकाराला बघताक्षणी कळतं. ते जाकिटावर कुणी चढवलं, घाईत की सवडीनं, कायमचं म्हणून की तात्पुरतं म्हणून, हे टाके सांगतात. म्हणून असं जाकीट समोर आलं की मी आधी ते उलटं करते आणि अस्तराच्या बाजूनं बघते.

ज्या जाकिटाबद्दल बोलते आहे त्याचं सरकारी नाव ए-२. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलानं ते १९३१ साली स्वीकारलं. त्याआधीच्या ए-१ला पुढे बटणं होती आणि गळ्याशी विणलेल्या लोकरीची कॉलर. ए-२ला चेन आली, चामड्याची कॉलर आली, खांद्यांवर पट्ट्या आल्या, पुढे झाकणाचे दोन खिसे आणि मनगटाला, कंबरेला लोकरीची घट्ट वीण. बहुतेक जाकिटं घोड्याच्या कातड्याची, काही बकऱ्याच्या. पाठीला मध्ये जोड नाही, एकच सलग तुकडा. रफ वेअर, एरो लेदर, डुबो, पेरी अशा अनेक कंपन्यांनी ती शिवली. प्रत्येकीची कॉलर थोडी वेगळी, खिशाचा कोपरा थोडा वेगळा, पण आराखडा सरकारचा. १९४३मध्ये नव्या ऑर्डरी थांबल्या आणि चामड्याच्या जागी कापडी जाकिटं आली. म्हणजे ज्या वस्तूला आपण त्या युद्धाची खूण समजतो, ती युद्ध ऐन भरात असतानाच यादीतून उतरली होती. ज्यांच्याकडे होती, त्यांनी मात्र ती सोडली नाहीत.

जाकीट सरकारी मालकीचं, सगळ्यांना सारखं. त्यामुळे ते आपलं करण्याची घाई प्रत्येकाला. डाव्या छातीवर चामड्याची पट्टी आणि तिच्यावर नाव. तिच्याजवळ स्क्वॉड्रनचा बिल्ला. डाव्या खांद्यावर हवाई दलाचा पंखवाला तारा. खांदापट्टीवर हुद्द्याची खूण, तीही पुष्कळदा चामड्यातूनच कापून शिवलेली. आणि पाठीचा तो सलग तुकडा रंगवायला मोकळा.

बिल्ले नाना तऱ्हांनी बनत. सर्वांत साधा म्हणजे चामड्याची गोल चकती घेऊन तिच्यावर रंगानं काढलेलं चित्र. तळावर एखादा हात चालणारा शिपाई असे, त्याच्याकडे रांग लागे. काही चकत्यांवर छापील डिकॅल, म्हणजे कागदावरून उतरवायचं छापील चित्र, चिकटवलेलं असे. खांद्यावरचा तारा तर कित्येकदा थेट जाकिटाच्या चामड्यावरच डिकॅलनं उतरवलेला असे, आणि तो सर्वांत आधी झिजे. विमानाच्या अरुंद दारातून आत-बाहेर करताना खांदाच घासतो. काही बिल्ले जाड लोकरी नमद्यावर भरतकाम केलेले. आणि काही, माझे सर्वांत आवडते, तुकड्या-तुकड्यांचे. प्रत्येक रंगाचं चामडं वेगळं कापायचं, कडा रापीनं छिलून पातळ करायच्या, मग एकावर एक ठेवून शिवायचं. वाघाचा पिवळा वेगळा, पट्टे वेगळे, जीभ वेगळी. अशा बिल्ल्यावर बोट फिरवलं की चित्र डोळे मिटूनही कळतं.

हे बिल्ले तयार जाकिटावर चढवायचे कसे? प्रश्न सोपा वाटतो, पण हातात जाकीट घेतलं की अडचण लक्षात येते. ए-२ला आतून सुती अस्तर असतं, सुरुवातीच्या काहींना रेशमी. ते पुढच्या पट्टीला आणि खाली कंबरेच्या विणीला शिवून बंद केलेलं असतं. छातीवर बिल्ला लावायचा तर सुई चामड्यातून आत गेल्यावर तिच्यासमोर अस्तर येतं. मग दोनच मार्ग. एक तर अस्तराची कडा उसवायची, हात आत घालायचा, फक्त चामड्याला बिल्ला शिवायचा आणि अस्तर पुन्हा बंद करायचं. नाही तर सरळ दोन्हींतून सुई पार करायची.

हे मला नीट कळलं ते पुण्यात. भावाचं जुनं चामडी जाकीट होतं, त्याला छातीवर एक गोल बिल्ला लावून घ्यायचा होता. मंडईजवळ चपला, बॅगा शिवणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांचं यंत्र काळं, लांब सोंडेचं, बाजूला हातानं फिरवायचं मोठं चाक. सिंगरचं २९ के जातीचं. ही यंत्रं स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकजवळच्या किलबोवी कारखान्यात बनत. अमेरिकेत जोडे दुरुस्त करणाऱ्यांकडे त्याच कुळातलं २९-४ असे. या यंत्राची खुबी दोन गोष्टींत आहे. खालची सोंड इतकी बारीक की ती बुटात, बाहीत आरामात शिरते. आणि कापड दाबून पुढे सरकवणारा पाय पूर्ण गोल फिरतो. साध्या मशीनवर गोल बिल्ला शिवायचा तर अख्खं जाकीट गरागरा फिरवावं लागेल. इथे जाकीट जागेवर राहतं, पाय फिरतो आणि टीप वळते.

काकांनी जाकीट उलटं केलं, अस्तर चिमटीत धरून पाहिलं.

"ताई, अस्तरासकट मारू की सोडून?"

"फरक काय पडेल?"

"सोडून करायचं तर खालची शिलाई उसवायला लागेल. वेळ जाईल, पण आतून स्वच्छ राहील. सकट मारलं तर आत्ता देतो. पण आत गोल टीप दिसणार. आणि घालता-काढता अस्तर तिथेच ओढणार."

मी टाके जवळजवळ घ्यायला सांगितले, दिसायला बारीक दिसावेत म्हणून. त्यांनी मान हलवली. "जवळ घेतले की कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. लांबच घ्यायचे. आणि एकदा भोक पडलं की पडलं बघा, परत विचारायचं नाही."

त्यांनी आधी बिल्ल्याच्या मागे थोडं रबरी सोल्युशन लावलं, म्हणजे शिवताना तो हलू नये. थोडं थांबले, दाबला. मग चाक हातानं सावकाश फिरवत टीप घातली. सुरुवातीच्या भोकापाशी परत आले तेव्हा दोन-तीन टाके त्याच भोकांतून पुन्हा घेतले, गाठ न मारता. मी मान खाली घालून ते बघत होते आणि मनात म्हणत होते, अमेरिकेतल्या जाकिटांवर मी पाहिलेलं सगळं इथे चाललंय. सोल्युशनचे डाग, शेवटी दुहेरी झालेले टाके, आत उमटलेलं वर्तुळ.

हवाई तळांवर हे काम बऱ्याचदा पॅराशूटच्या विभागात होई. पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या माणसांकडे जाड पट्टे शिवणारी मजबूत यंत्रं असत, चांगला दोरा असे आणि शिवण्यात हात बसलेला असे. ज्याच्या घडीवर आपला जीव अवलंबून, त्याच्याच हातून बिल्ला लावून घ्यायचा, हे मला फार योग्य वाटतं. काही जण तळाबाहेरच्या जोडे दुरुस्त करणाऱ्याकडे जात. काहींचे बिल्ले घरी, आईनं किंवा बायकोनं शिवलेले. घरची शिलाई ओळखता येते. घरच्या मशीनची सुई घोड्याचं कातडं पेलत नाही, म्हणून ती हातानं केलेली असते. टाके तिरके, एकमेकांवर चढलेले, आणि जिथे सुई अडली तिथे थोडे लांब. अशा शिलाईत चामड्याच्या कारागिराची शिस्त नसते, पण कडेपासून सुई कुठेही सुटलेली नसते.

कारागीर हातानं शिवतो तेव्हा तो आधी आरीनं भोकं पाडतो आणि एकाच मेणलावल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, दोन्ही बाजूंनी तेच भोक घेत पुढे जातो. अशी शिलाई एका जागी तुटली तरी बाकीची धरून राहते. यंत्राच्या टिपेत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की हळूहळू सुटत जातात. म्हणून जुन्या जाकिटावर बिल्ल्याची एक बाजू उचललेली दिसली तर ती बहुधा यंत्राची टीप असते. आणि त्या उचललेल्या कोपऱ्याखाली बघायला मिळणं ही या छंदातली मोठी चैन आहे. तिथे जाकिटाचा तो रंग असतो जो कारखान्यातून निघाला तेव्हा होता.

चित्रांबद्दल एकच सांगते, कारण ती गोष्ट मला खरंच आवडते. युद्धकाळात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं वेगवेगळ्या तुकड्यांसाठी सुमारे १,२०० बोधचिन्हं काढून दिली, तीही मोबदला न घेता. तुकडीनं पत्र पाठवायचं, स्टुडिओनं चित्र पाठवायचं. चीनमध्ये लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांचा, ज्यांना जग फ्लाइंग टायगर्स म्हणून ओळखतं, इंग्रजी व्ही अक्षरातून झेप घेणारा पंखवाला वाघ तिथलाच. पण कॅलिफोर्नियातून कागद येई. त्या कागदाचा बिल्ला कुणी तरी, कुठे तरी, आपल्या हातानं करायचाच असे.

त्यातले पुष्कळ हात आपल्याकडचे होते.

अमेरिकन लष्करानं चीन, बर्मा आणि भारत मिळून एक युद्धक्षेत्र ठरवलं होतं. सैनिक मोठ्या संख्येनं मुंबई बंदरात उतरत आणि तिथून रेल्वेनं अख्खा देश ओलांडून आसामपर्यंत जात. कराची, आग्रा, कलकत्ता, आसामातलं चबुआ आणि दिनजान, अशा ठिकाणी त्यांच्या विमानांचे तळ आणि कोठारं. आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून चीनमधल्या कुनमिंगला विमानं जात. वैमानिक त्या वाटेला हंप म्हणत. १९४२ ते १९४५मध्ये त्या वाटेनं सुमारे साडेसहा लाख टन सामान पोचवलं गेलं आणि सुमारे ६०० विमानं गमावली गेली. ही सगळी माणसं जाकिटं घालून फिरत होती आणि त्यांना बिल्ले हवे होते. अमेरिकेहून यायला महिने लागले असते. जवळच्या बाजारात मात्र शिंपी होते, जरदोजीवाले होते.

त्या क्षेत्राचं बोधचिन्ह ढालीच्या आकाराचं. वर निळ्या पट्ट्यात चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. अमेरिकेत यंत्रावर बनलेला हा बिल्ला सपाट आणि एकसारखा असतो. भारतात बनलेला प्रत्येक बिल्ला वेगळा. सूर्याच्या किरणांना जरीची तार, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, बारीक तुकडे कापून एकेक मण्यासारखा टाकून शिवलेला. ताऱ्याच्या खाली दोऱ्याचा उठाव दिलेला, म्हणजे तार फुगीर बसावी. लग्नातल्या शालूवर, अंगरख्यावर, सरदारांच्या पोशाखावर पिढ्यान् पिढ्या जे काम चालत आलं, तेच काम, त्याच हातांनी, त्याच पद्धतीनं, परक्या सैन्याच्या ढालीवर. मागे पातळ जाळीदार कापड खळीनं चिकटवलेलं, म्हणजे टाके निसटू नयेत. आज त्यातली चांदी काळी पडली आहे, मुलाम्याची तार तांबूस झाली आहे. जुन्या पैठणीचा पदर ज्यांनी घरात पाहिला असेल, त्यांना हा रंग लगेच ओळखू येईल.

असा जरीचा बिल्ला चामड्यावर लावणं ही वेगळीच कसोटी. तारेवरून यंत्राचा पाय नेला तर तार चेपते, तुटते. म्हणून तो हातानं, कडेच्या कापडाला धरून, बारीक तिरक्या टाक्यांनी शिवावा लागतो. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा एका जाकिटावर टाके इतके सारखे होते की मला आधी ते यंत्राचे वाटले. आत अस्तर पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. शिवणाऱ्यानं अस्तर उसवून फक्त चामड्याला टाका घेतला होता आणि अस्तर पुन्हा मूळच्याच ओळीवर बंद केलं होतं. त्याला कुणी हे करायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ज्याच्यासाठी शिवलं तो कदाचित दुसऱ्या दिवशी हंपवरून उडणार होता. तरीही आतली बाजू स्वच्छ राहावी असं त्या शिंप्याला वाटलं. या छंदातला तो क्षण मी जपून ठेवला आहे. त्या शिंप्याचं नाव कुठेच नाही. वैमानिकाचं आहे, चामड्याच्या पट्टीवर, सोनेरी अक्षरांत.

याच युद्धक्षेत्रात जाकिटावर आणखी एक गोष्ट शिवली जाई, आणि तिची जागा बदलत गेली. फ्लाइंग टायगर्सच्या वैमानिकांना चीन सरकारनं रेशमी कापडाची एक चौकोनी पट्टी दिली होती. वर चीनचा झेंडा, खाली चिनी अक्षरं, सरकारी शिक्का आणि क्रमांक. मजकुराचा अर्थ असा: युद्धात मदत करायला चीनमध्ये आलेला हा परदेशी माणूस आहे, सैनिकांनी आणि नागरिकांनी मिळून याला वाचवावं. ही कल्पना त्याहून जुनी. ब्रिटिश हवाई दलाचे लोक इराकमध्ये आणि आपल्या वायव्य सरहद्दीवर उडताना अशी पत्रं जवळ बाळगत, माणूस सुखरूप परत आणला तर बक्षीस मिळेल असं स्थानिक भाषांत लिहिलेली. पण ती खिशात असत. चीनमध्ये ती पाठीवर आली.

पाठीवर म्हणजे बाहेरून, त्या सलग कातड्यावर, चारही बाजूंनी शिवलेली. विमान पडलं, माणूस पॅराशूटनं शेतात उतरला, तर शेतकऱ्याला लांबूनच दिसावं की हा शत्रू नाही. भाषा येत नसली तरी पाठ बोलेल. पण जे शेतकऱ्याला दिसतं ते शत्रूलाही दिसतं. आणि मदत करणाऱ्याला काय भोगावं लागतं, हे १९४२मध्ये दिसून आलं. त्या वर्षी १८ एप्रिलला डूलिटलच्या नेतृत्वाखाली १६ अमेरिकन बाँबर विमानांनी जपानवर हल्ला केला. बहुतेक विमानं हल्ल्यानंतर चीनमध्ये उतरली किंवा कोसळली. गावकऱ्यांनी वैमानिकांना लपवलं, जेवू घातलं, पुढे पोचवलं. त्यानंतर जपानी फौजेनं त्या भागात जो सूड उगवला, त्यात चिनी अंदाजानुसार अडीच लाख नागरिक मारले गेले. रेशमाच्या त्या पट्टीवर केलेली विनंती किती मोठी होती, ते या आकड्यावरून कळतं.

पुढे ही पट्टी हळूहळू आत गेली, अस्तरावर. शिवणाऱ्याच्या दृष्टीनं ते काम सोपं. रेशीम सुती अस्तराला धावदोऱ्यानं जोडायचं, चामड्याला सुई लागतच नाही. घालणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र सगळंच बदललं. आता ती दाखवायची की नाही हे त्याच्या हातात आलं. समोर कोण आहे ते बघायचं, मग चेन खाली ओढून जाकीट उघडायचं. ज्या जाकिटांच्या पाठीवर आज चौकोनी भोकांची रांग आहे आणि आत अस्तरावर रेशीम आहे, तिथे हा बदल एकाच माणसाच्या बाबतीत घडलेला असतो. बाहेरची पट्टी उसवून आत लावायला त्याला कुठल्या बातमीनं भाग पाडलं असेल, हा विचार मी असं जाकीट पाहिलं की टाळू शकत नाही.

युरोपात दाखवण्याची किंमत वेगळ्या रीतीनं चुकवावी लागली. नोव्हेंबर १९४३मध्ये ३५१व्या बाँबर ग्रुपचा एक अमेरिकन अधिकारी जर्मनीतल्या ब्रेमेनवरच्या हल्ल्यात पकडला गेला. त्याच्या जाकिटाच्या पाठीवर त्याच्या विमानाचं नाव रंगवलेलं होतं: मर्डर इन्क. अमेरिकेत ते नाव तिथल्या कुप्रसिद्ध गुंडांच्या टोळीचं, तरुण पोरांनी मस्तीत विमानाला दिलेलं. जर्मन वृत्तपत्रांनी त्याचा पाठमोरा फोटो छापला आणि हे बघा, हे स्वतःच स्वतःला खुनी म्हणवतात, असं लिहिलं. त्यानंतर इंग्लंडमधल्या अमेरिकन तळांवर जाकिटांची तपासणी झाली, आक्षेपार्ह नावं पुसायला सांगितली गेली. रंग पुसता येतो, त्याच्यावर दुसरा रंग देता येतो. म्हणून पाठीवरचं चित्र वाढत, बदलत राही. एक मोहीम पूर्ण झाली की एक छोटा बाँब रंगवायचा. सुरुवातीला २५ मोहिमा झाल्या की माणूस घरी जाई, पुढे ३० आणि मग ३५. बाँबांची रांग अर्ध्यात थांबलेली जाकिटं आहेत. त्यांच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

शिवलेल्या बिल्ल्याला मात्र अशी सूट नाही. माणसाची बदली झाली, नव्या स्क्वॉड्रनचा बिल्ला आला, की जुना काढायचा आणि तिथेच नवा लावायचा. नवा मोठा असेल तर जुनी भोकं झाकली जातात. लहान असेल तर त्याच्याभोवती भोकांचं आणखी एक वर्तुळ उरतं, आणि दोन्हींच्या मध्ये चामड्याचा न उडालेला गडद रंग. काही जाकिटांवर अशी तीन वर्तुळं असतात. एकही बिल्ला नसलेलं जाकीटही मला बिल्ल्याच्या जाकिटाइतकंच मोलाचं वाटतं, याच कारणानं. युद्ध संपल्यावर पुष्कळांनी बिल्ले काढले, जाकीट शेतात घातलं, मुलाला कॉलेजात दिलं, लाकडं फोडायला वापरलं. छातीवर फिकट चामड्यात एक गडद गोल, एवढंच राहिलं.

या वस्तूंना आता फार किंमत आली आहे आणि त्यामुळे खोटेपणाही आला आहे. जुन्या कोऱ्या जाकिटावर जुना बिल्ला आणून शिवायचा आणि दहापट भाव सांगायचा. दोन्ही वस्तू अस्सल, फक्त त्यांची भेट आजची. असं काम ओळखण्याची पहिली जागा पुन्हा शिलाईच. पॉलिएस्टरचा दोरा बाजारात सर्रास आला तो युद्धानंतर, त्यामुळे १९४३च्या बिल्ल्याभोवती तो असणं शक्य नाही. अंधारात अतिनील दिवा धरला तर आजचे पुष्कळ दोरे निळसर चमकतात, युद्धकाळातला न धुतलेला सुती दोरा मंद राहतो. पण दिव्यापेक्षा डोळा जास्त सांगतो. जुना टाका कातड्यात बसलेला असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कातडं किंचित वर आलेलं असतं, भोकात मळ आणि मेण साचलेलं असतं. बिल्ला जिथे संपतो तिथे जाकिटाच्या सुरकुत्याही वळण घेतात, कारण वर्षानुवर्षं तो भाग ताठ राहिलेला असतो. कालच शिवलेल्या बिल्ल्याखालून सुरकुती सरळ पलीकडे जाते. माणसाच्या शरीरानं घडवलेली ती वळणं कुणालाही नंतर घालता येत नाहीत. मला या बनवाबनवीचा संताप येतो तो पैशांमुळे नाही. जो माणूस कधी त्या तुकडीत नव्हता त्याच्या जाकिटाला तुकडी चिकटवली जाते, आणि तो खरोखर कुठे होता हे सांगणारी कोरी छाती कायमची भोसकली जाते.

अमेरिकन नौदलाचं जाकीट वेगळं, बकऱ्याच्या कातड्याचं, फरच्या कॉलरचं, पुढे जी-१ म्हणून ओळखलं गेलेलं. त्याच्यावर बिल्ल्यांची हौस आणखी दाट. व्हिएतनाम युद्धाच्या काळात फिलिपिन्समधल्या ओलोंगापोच्या दुकानांत यंत्रावर भरतकाम केलेले बिल्ले ढिगानं बनत. तोवर कडेला जाड गोफासारखी गुंडाळी घालणारी यंत्रं रुळू लागली होती, त्यामुळे बिल्ल्याची कड बघूनही साधारण काळ सांगता येतो.

मग वेल्क्रो आलं. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९५५मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते लष्करी कपड्यांवर स्थिरावलं तसा सुईचा प्रश्नच मिटला. १९८८मध्ये अमेरिकन हवाई दलानं ए-२ पुन्हा वैमानिकांना द्यायला सुरुवात केली, या वेळी बकऱ्याच्या कातड्यात, आणि छातीवर वेल्क्रोच्या पट्ट्यांसह. बदली झाली, ओढायचं, नवं चिकटवायचं. शत्रूच्या हद्दीत जायचं असेल तर उड्डाणाआधी सगळे बिल्ले काढून ठेवायचे, म्हणजे पकडलं गेलं तर छाती काही सांगणार नाही. आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांच्या ओव्हरऑलवरही हीच पद्धत दिसते. ब्रेमेनला जे घडलं त्यावरचा हा शहाणा तोडगा आहे आणि मी तो मनापासून मान्य करते. वैमानिकाचा जीव कुठल्याही शिलाईपेक्षा मोठा. पण ऐंशी वर्षांनी कुणी त्या जाकिटाची छाती पाहील तेव्हा तिथे एकच चौकोनी पट्टी असेल, आणि तिच्यावर कोणकोण येऊन गेलं ते तिला सांगता येणार नाही.

जुन्या जाकिटांची दुरुस्ती करणारी चांगली माणसं एक पथ्य पाळतात. सुटलेला बिल्ला पुन्हा लावायचा तर नवं भोक पाडायचं नाही. धार नसलेली, बोथट टोकाची सुई घ्यायची, सुती दोरा घ्यायचा आणि जुन्या भोकांतूनच एकेक टाका नेत जायचं. भोक फाटून मोठं झालं असेल तर आतून पातळ चामड्याचा आधार द्यायचा. याला वेळ लागतो, कारण दोन थरांतली ऐंशी वर्षांपूर्वीची भोकं आता समोरासमोर राहिलेली नसतात. कातडं वेगवेगळं आकसलेलं असतं. मला हे काम शिकायचं आहे. मंडईजवळच्या काकांनी कातड्याचे उरलेले तुकडे दिले आहेत आणि त्यावर सध्या आरी चालवणं चालू आहे.

ओहायोत डेटनला अमेरिकन हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे काचेमागे ए-२ जाकिटांच्या रांगा आहेत. मी त्यांच्यासमोर दुपारभर उभी होते. पाठी दिसतात, छात्या दिसतात, कुणाचं जाकीट, कुठली तुकडी, कुठलं विमान, ते समजतं. जगभरातल्या संग्रहालयांत जाकिटं अशीच ठेवलेली असतात, पुतळ्यावर चढवून, चेन लावून. माझी त्या सगळ्यांकडे एक मागणी आहे. एखादं तरी जाकीट उघडं ठेवा, किंवा त्याच्या मागे आरसा लावा, म्हणजे अस्तर दिसेल, टीप दिसेल, गाठ दिसेल. आणि चीन-बर्मा-भारत क्षेत्रातला जरीचा बिल्ला असेल तर त्याच्या माहितीच्या पाटीवर वैमानिकाच्या नावाखाली एक ओळ वाढवा: हा बिल्ला भारतात, हातानं, तिथल्या कारागिरानं बनवला.